साइड-स्कॅनवर चोणक शोधू नका, आधी त्याची जागा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या शापोरा नदीत फायबरच्या छोट्या होडीवर तुम्ही साइड-स्कॅनवाला, म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र काढणारा, फिशफाइंडर बसवला. शिवोलीच्या पुलापासून कोलवाळपर्यंत फेऱ्या मारल्या. पडद्यावर तपकिरी पट्टा सरकत राहतो, मधोमध काळी पट्टी, कुठे कुठे पांढरे ठिपके. त्यात चोणक (जिताडा) कुठला, तांबसो (तांबोशी) कुठला आणि खडप, म्हणजे पाण्यातला खडक, कुठलं, काही उमगत नाही. यंत्र सदोष आहे की सेटिंग चुकतंय? आणि याच्याऐवजी चालत्या माशाची हालचाल दाखवणारा लाइव्ह सोनार घ्यावा का?

यंत्र बहुतेक ठीक आहे, सेटिंगही दोन-चार ठिकाणी हलवलं की पुरे. अडचण शोधण्याच्या क्रमात आहे. साइड-स्कॅन घेऊन थेट मासा शोधायला निघालं की हाती ठिपक्यांशिवाय काही लागत नाही. आधी खडप, खुंट, बुडालेलं झाड, तळाचा उतार शोधायचा. त्यातलं कुठलं ठिकाण भरती-सुकतीच्या ओढीत माशाला सोयीचं पडेल ते ठरवायचं. मासा आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

पडद्यावरचं चित्र तयार कसं होतं ते आधी डोक्यात पक्कं करा, कारण निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. ट्रान्सड्यूसर, म्हणजे होडीला लावलेला आवाज सोडणारा आणि पडसाद ऐकणारा भाग, डाव्या-उजव्या बाजूला आवाजाचा एक पातळ पंखा सोडतो. तो होडीच्या आडव्या दिशेने रुंद, पण पुढे-मागे अगदी अरुंद असतो. प्रत्येक पिंगला, म्हणजे आवाजाच्या एका ठोक्याला, पडद्यावर एकच ओळ उमटते. होडी सरकली की पुढची ओळ. म्हणजे तो फोटो नाही, एकावर एक रचलेल्या ओळी आहेत. होडी थांबली तर यंत्र तीच जागा पुन्हा पुन्हा लिहीत बसतं आणि एका खुंटाचा लांबलचक पट्टा होतो. होडी वळली की चित्रात वळणाच्या आतल्या बाजूची जागा ताणली जाते, बाहेरची दाटते. वळणावर दिसलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवू नका; सरळ रेषेत, एकाच वेगाने, तीन-चार नॉटवर तिथून पुन्हा जा.

थोडा हिशेब केला की रेंज किती ठेवायची ते आपोआप कळतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. बाजूला ३० मीटरची रेंज लावली तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे सेकंदाला फार तर २५ पिंग. चार नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटर. तेव्हा दर ८ सेंटिमीटरला एक ओळ मिळते. रेंज ६० मीटर केलीत की ओळी निम्म्यावर येतात. शिवाय पंखा दूर जाताना रुंदावतो. तो एक अंशाचा धरला तरी ३० मीटरवर अर्धा मीटर रुंद झालेला असतो, त्यामुळे तिथला वीतभर शेवटोसुद्धा (बोय मासा) होडीच्या दिशेत अर्धा मीटर लांब दिसतो. पडद्यावर मोठा दिसला म्हणून मोठा मासा, हा हिशेब त्यामुळेच फसतो. तुम्ही १०० मीटरची रेंज लावून नदीचे दोन्ही काठ एकदम बघायचा प्रयत्न केला असणार. नवीन माणूस हेच करतो. शापोऱ्यात डाव्या-उजव्या बाजूला २५ मीटर पुष्कळ झाले.

आता ती मधली काळी पट्टी. ते होडीखालचं पाणी. पट्टी जिथे संपते तिथे तळाचा पहिला पडसाद सुरू होतो, म्हणून मधल्या रेषेपासून एका कडेपर्यंतची तिची रुंदी म्हणजे खोली. काही यंत्रांत ही पट्टी झाकून टाकायची सोय असते, चित्र दिसायला देखणं होतं. ती बंदच ठेवा. मधल्या पाण्यातले मासे नेमके त्या पट्टीत दिसतात, आणि तळ कुठे उतरतो-चढतो हेही पट्टीच्या कडेवरूनच कळतं.

कडेपलीकडचं चित्र वाचताना पांढऱ्यापेक्षा काळ्यात जास्त माहिती असते. रात्री अंगणात बॅटरी जमिनीलगत धरली की लहानशा दगडाचीही लांब सावली पडते, तसंच इथे. आवाज तिरका जातो, उंच वस्तू त्याला अडवते, वस्तूमागे आवाज पोचत नाही आणि तो भाग काळा राहतो. पांढरा डाग फक्त 'काहीतरी कठीण आहे' एवढं सांगतो. ते उंच आहे की सपाट, भरीव आहे की फांद्यांचं, हे सावली सांगते. फांद्यांची सावली फाटकी पडते. जांभ्याच्या दगडाची भरीव. खुंटाची सडपातळ आणि लांब. सावलीच नाही म्हणजे तळाशी सपाट पसरलेला कडक थर, बहुधा शिंपल्यांचा किंवा खडीचा.

सावलीवरून उंचीही काढता येते, अगदी शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी. सावलीची लांबी गुणिले ट्रान्सड्यूसरची तळापासून उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. समजा ६ मीटर पाणी आहे, सावली १५ मीटरवर सुरू होऊन २० मीटरवर संपते. ६ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे दीड मीटर उंच. अट एकच, तळ साधारण सपाट हवा. पडद्यावरची अंतरं तिरकी असतात, पण हा हिशेब त्या तिरक्या अंतरांतही तंतोतंत जुळतो. जागेची खूण करताना मात्र तिरकेपणा नडतो: ६ मीटर पाण्यात पडद्यावर ८ मीटर दिसणारी वस्तू प्रत्यक्षात बाजूला सव्वापाच मीटरच असते. दूरच्या वस्तूंना हा फरक नगण्य होतो.

इथे गोव्याच्या खाड्यांची एक सोय लक्षात घ्या. मोठ्या सर्वेक्षणात केबलने ओढत नेलेला सोनार तळापासून रेंजच्या दहा ते वीस टक्के उंचीवर ठेवतात, कारण त्या कोनात सावल्या छान लांब पडतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अशी उपकरणं असतात. आपला ट्रान्सड्यूसर होडीला चिकटलेला, त्याची उंची बदलता येत नाही. पण मांडवी-झुवारीची सरासरी खोली पाचेक मीटर आहे, आणि २५ ते ३० मीटर रेंजला पाच मीटर उंची म्हणजे तोच कोन! खाडीत फुकट मिळणारी ही गोष्ट समुद्रात हातातून जाते. ग्रँड बेटाच्या बाजूला पंधराएक मीटर पाण्यात तसाच कोन हवा तर रेंज ७५ मीटर लागते, आणि खाऱ्या पाण्यात ८०० किलोहर्ट्झचा आवाज तेवढ्या लांबून धड परत येत नाही. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम सल्फेट या पट्ट्यातला आवाज शोषतं. तिथे ४५५ वर यावं लागतं, बारकावा थोडा सोडून. खाडीत ८०० ठेवा, आणि मेगाहर्ट्झवालं यंत्र असेल तर तेही चालेल. कंपनीच्या पत्रकातले रेंजचे आकडे बहुधा गोड्या, शांत तळ्यातले असतात हे लक्षात असू द्या.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, पण हे तपासा: ट्रान्सड्यूसरला दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात का? छोट्या होडीवर तो मागे इंजिनाशेजारी लावतात आणि इंजिनाचा पाय एक बाजू झाकतो. एका बाजूचं चित्र कायम फिकट किंवा काळं असेल तर कारण हेच. तो पाण्याशी सपाट हवा, आणि होडी पळताना त्याच्यावरून बुडबुडे जायला नकोत. फिशफाइंडरला इंजिनाच्या बॅटरीवरून वीज देऊ नका. वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, जाड वायर आणि फ्यूज. पडद्यावर बारीक समांतर रेघा येत असतील तर इंजिन बंद करून बघा. रेघा गेल्या म्हणजे विजेचा गोंधळ. रेघा राहिल्या आणि शेजारून दुसरी सोनारवाली होडी जात असेल तर दोन यंत्रं एकाच फ्रीक्वेन्सीवर भांडताहेत, तुमची बदला. घरी आल्यावर गोडं पाणी मारणं आलंच.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पडसाद किती उजळ दाखवायचा ते, ऑटोवर सोडू नका. चिखलाचा तळ मध्यम तपकिरी दिसेल इतपत ठेवा, म्हणजे त्याहून कठीण ते उजळ आणि सावली ती काळी असा भेद राहतो. सगळं उजळ केलंत की सावल्या मरतात. रंग कुठलाही घ्या; मला तपकिरीच बरा वाटतो, निळ्या रंगात डोळे लवकर थकतात.

आता खरा अभ्यास, आणि तो होडीत बसून सुरू होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात भरती-सुकतीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. रोज दोन भरत्या आणि दोन सुकत्या, पण त्या सारख्या नसतात, एक सुकती दुसरीपेक्षा जास्त खाली जाते. कोष्टकात ती मोठी सुकती दिवसा कधी येते ते पाहा आणि त्या वेळी काठाकाठाने फिरा. जे एरवी पाण्याखाली असतं ते उघडं पडलेलं दिसेल: जांभ्याचे ढासळलेले दगड, जाळ्यांचे जुने खुंट, कालवं चिकटलेले खडप, खारफुटीच्या मुळांखाली पाण्याने खाल्लेल्या कपारी, वाळूच्या बांधामधून गेलेला बारीक चर. मोबाइलवर फोटो काढा, जागेची खूण साठवा, दगड गुडघ्याएवढा की कमरेएवढा ते लिहा. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण भरतीला त्याच जागेवरून होडी न्या आणि पडद्यावर काय उमटतं ते बघा. कमरेएवढ्या दगडाची सावली ठाऊक असली की पाच मीटर खाली असलेल्या, कधीच उघड्या न पडणाऱ्या दगडाची सावली ओळखू येते. स्क्रीनशॉट आणि सुकतीचा फोटो शेजारी शेजारी ठेवायची सवय लावा. दुसऱ्याने काढलेली सुंदर चित्रं कितीही बघितली तरी हा सराव होत नाही, कारण ती बहुतेक अमेरिकेतल्या तळ्यांतली असतात. बुडालेलं ओकचं झाड आणि आपली खारफुटी यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. (कुंभारजुव्याच्या कालव्यात हा अभ्यास करायचा तर चिखलात उतरू नका. तिथे मगरी आहेत आणि त्यांना तुमच्या अभ्यासाशी देणंघेणं नाही.)

आपल्या नद्यांत बघण्यासारखं काय असतं? पुलाचे खांब सर्वांना दिसतात, पण खांबापेक्षा त्याच्या पायथ्याशी प्रवाहाने खणलेला खड्डा जास्त कामाचा. भरती-सुकतीच्या नदीत पाणी दोन्ही दिशांना वाहतं, म्हणून खड्डा दोन्ही अंगांना असू शकतो. साइड-स्कॅनवर खड्डा उलटा वाचायचा: तुमच्या जवळची कड काळी आणि पलीकडचा चढ उजळ. उंचवट्याला आधी उजळ, मग काळं. एवढा एक क्रम पाठ करा, बरेच घोळ टळतील.

खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, मानशी (पाण्याची दारं) हे दुसरं ठिकाण. सुकतीला मानशीच्या दारातून पाणी जोरात बाहेर पडतं, बारीक सुंगटं (कोळंबी) आणि माशांची पिल्लं घेऊन येतं, आणि दारासमोर खोल खड्डा पाडतं. त्या खड्ड्याची बाहेरची कड चोणकाची आवडती. मात्र मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क बहुधा लिलावाने कुणाला तरी दिलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका. खाजनाचा बांध जिथे जुन्या काळी दगडाने बांधला होता तिथे पायथ्याला सुटलेले दगड पाण्यात पडलेले असतात. काठाला समांतर, दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून गेलात तर त्यांची रांग स्वच्छ दिसते. मांडवीवर आमोण्याकडे, झुवारीवर सावर्ड्याच्या वाटेवर खनिजाचे धक्के आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, त्या काळात कित्येक बार्ज नुसत्या उभ्या होत्या. धक्क्यांचे खांब, सुटलेल्या साखळ्या, नांगरांनी ओरखडलेला चिखल, हे सगळं स्कॅनवर वाचायला उत्तम. चिखलात लांब, समांतर दुहेरी चर दिसले, तेही बाहेर समुद्राकडे, तर ते ट्रॉलरच्या जाळ्याच्या फळ्यांचे असतात.

बुडालेल्या जहाजांचं वेड लागतं, मलाही आहे. मुरगावात ९ मार्च १९४३ च्या रात्री एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन आणि अन्फोरा हे इटालियन जहाज बुडालं. सुंची खडकाजवळचे पोर्तुगीज काळातले अवशेष समुद्रविज्ञान संस्थेने तपासले. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या जहाजात तर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा ठसा असलेली कौलं मिळाली. पण बंदराच्या हद्दीत होडी घालून स्कॅन करत फिरणं अंगाशी येईल, आणि जुन्या अवशेषांवर नांगर टाकणं त्याहून वाईट. तो नाद तूर्त बाजूला ठेवा.

मासा आता. पोहणारा मासा स्कॅनवर बारीक लांबट पांढरा ठिपका दिसतो आणि त्याची सावली त्याला चिकटलेली नसते, थोडी पलीकडे पडते. जेवढी दूर, तेवढा मासा तळापासून वर. वरचाच हिशेब लागतो: ६ मीटर पाणी, मासा १५ मीटरवर, सावली २० वर, तर मासा तळापासून दीड मीटर वर आहे. ठिपक्याला सावली चिकटलेली असेल तर तो बहुधा दगड. काळ्या पट्टीतला ढगासारखा पुंजका म्हणजे शेवटे किंवा पेडव्यासारख्या बारीक माशांचा थवा. त्याच्या कडेला दोन-तीन ठळक, सुटे ठिपके दिसले तर थांबा. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो, म्हणून तळाला चिकटलेला लेपो हा चपटा मासा, ज्याला मोठेपणी ती पिशवीच नसते, तुम्हाला स्कॅनवर मिळणार नाही. आणि खडपाच्या कपारीत शिरलेला गोब्रो (हेकरू) किंवा तांबसोही नाही. त्यांचा पडसाद दगडात मिसळून जातो. मासा दिसला नाही म्हणून चांगली कपार सोडून जाणारे खूप आहेत. कपार चांगली असेल तर तिथे गळ टाकूनच खात्री करा. कुठला मासा हे स्कॅन सांगत नाही. जागा, खोली आणि पाण्याची वेळ यांवरून तुम्ही ठरवायचं. चोणक ओढीच्या कडेला, वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी भेटतात तिथे, आडोशामागे तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. म्हणजे एकच दगड भरतीला एका अंगाने आणि सुकतीला दुसऱ्या अंगाने चांगला.

खूण करताना कर्सर दगडावर नको, सावलीच्या सुरुवातीला ठेवा. मग उलट दिशेने येऊन दुसरी खूण करा. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे असतो, शिवाय जीपीएस पुढे आणि ट्रान्सड्यूसर मागे असेल तर तेवढा फरक वाढतो. दोन खुणांच्या मध्ये खरी जागा. त्यावर एकदा हळू जाऊन डाउन-स्कॅनने (सरळ खाली बघणाऱ्या सोनारने) खात्री करा, लांब निघून जा, वीस मिनिटं जागा शांत होऊ द्या. नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, इतका लांब की आमिष वाहत दगडापर्यंत पोचेल. दगडावरच होडी उभी करून बसणारे लोक बघितले की हसू येतं.

पावसाळ्यात चित्र बिघडेल, त्यावर उपाय नाही. तिळारीकडून लाल पाणी आलं की वर गोडं, खाली खारं असे थर होतात. दोन्हींत आवाजाचा वेग वेगळा, म्हणून तिरका जाणारा आवाज थरावर वाकतो आणि तळ वाकडा किंवा दुहेरी दिसतो. सरळ खाली जाणाऱ्या सोनारला हा त्रास कमी. गाळाचे कण आणि नदीमुखावरच्या लाटांचे बुडबुडे त्यात भर घालतात. डिसेंबर ते मे पाणी चांगलं ढवळून एकसारखं असतं. नकाशा तेव्हा तयार करा, पावसात फक्त साठवलेल्या खुणा वापरा. मोरजीला नदीच्या तोंडावर वाळूचा बांध दरवर्षी हलतो, तिथल्या खुणा दर हंगामात नव्याने कराव्या लागतात. कासवांच्या किनाऱ्यापासूनही लांब राहा.

लाइव्ह सोनारचं म्हणाल तर आत्ता नको. तो चालत्या माशाची हालचाल दाखवतो, पण जागा आधी माहीत असावी लागते, आणि प्रवाहात होडी एका जागी धरून ठेवायला इलेक्ट्रिक मोटरही लागेल. म्हणजे खर्च दुप्पट. ते पैसे चांगली बॅटरी, ट्रान्सड्यूसरसाठी खालीवर सरकणारी पट्टी आणि पडद्यावरचं रेकॉर्डिंग साठवायला मोठं मेमरी कार्ड यांत घाला. रेकॉर्डिंग घरी बसून पुन्हा बघता येतं, आणि होडीत ऊन डोळ्यांवर असताना सुटलेल्या सावल्या तिथे सापडतात. पुढच्या उधाणानंतर कोलवाळच्या बाजूचे दोन-तीन स्क्रीनशॉट खोली आणि रेंजसकट पाठवा, जागेचं नाव न लिहिता. मी बघून सांगतो.